अठराशे अठरानंतरचं पुणं कुठे ठेवायचं?

एखाद्या जुन्या लेखकाची किंवा कार्यकर्त्याची पत्रं रद्दीच्या दुकानात सापडली की पुण्यात ठरलेला वाद सुरू होतो. घरच्यांना किंमत नाही, असं एक जण म्हणतो. दुसऱ्याला वाटतं, अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाला दिली असती तर निदान एसीत राहिली असती. त्यावर तिसरा तुटून पडतो: आपला ठेवा परक्यांच्या हवाली का म्हणून करायचा? आणि चौथा, ज्याची संख्या हल्ली वाढली आहे, शांतपणे सांगतो की स्कॅन करून टाका, मिटला विषय. चौघंही भांडतात ते कागद कुठे असावेत यावर. ते कुणाला वाचायला मिळावेत, त्यांची जबाबदारी कुणाच्या डोक्यावर असावी आणि मुळात कुणाचे कागद जपायचे, हे प्रश्न कुणी काढतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतल्या पुण्याचे खासगी कागद, म्हणजे पत्रं, रोजनिशा, हिशोबाच्या वह्या, युनियनची आणि महिला मंडळांची प्रोसिडिंग बुकं, शाखांचे ठराव, भिशीच्या डायऱ्या, हे सगळं सांभाळणं शहरातल्या विद्यापीठांचं काम आहे. त्यातही पहिली जबाबदारी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. आणि सांभाळणं याचा अर्थ कपाटाला कुलूप लावणं असा नाही. कागद आले की त्यांची नोंदसूची करायची, ती मराठीत छापायची आणि जो येईल त्याला, तो पीएचडीवाला असो की कोथरूडमधला निवृत्त पोस्टमन, कागद दाखवायचे.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप पुणेकरच घेतील: या गावात अशा संस्थांची काय कमी आहे? आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, पदरमोड करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे त्याचे २२ खंड झाले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, भांडारकर संस्था १९१७ ची. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि त्यातून निवडून रियासतकार सरदेसायांनी ४५ खंड सिद्ध केले. इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आला. देशातल्या फार थोड्या शहरांपाशी एवढी दौलत असेल. आजही मोडी शिकायची हौस असलेली पोरं या गावात सापडतात, ती काही उगाच नाही.

पण या संग्रहांचा कणा पाहा. तो जवळपास सगळा १८१८ पर्यंत, म्हणजे पेशवाई संपेपर्यंत येऊन थांबतो. पुढचे कागद त्यांच्यात नाहीत असं नाही, पण ते मूळ हेतूच्या कडेकडेने आलेले आहेत. यात त्या मंडळींचा दोष नाही. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, राज्य कसं उभं राहिलं आणि कसं गेलं, आणि ते उत्तर मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या इंग्रज अधिकारी ग्रँट डफच्या तोंडावर फेकायचं होतं. प्रश्न तसा असला की कागदही तसेच निवडले जातात: मोहिमांची पत्रं, सनदा, वतनांचे निवाडे, सरदार घराण्यांची दप्तरं. आपला प्रश्न आता वेगळा आहे. पेन्शनरांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव कारखान्यांचं शहर कसं झालं? १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा तिथे कामाला लागलेली माणसं कुठून आली, कुठे राहिली, घरी काय लिहीत होती? पेठांतून कोण बाहेर पडलं आणि कॅम्पातून कोण आत आलं? याची उत्तरं पेशवे दप्तरात कशी मिळणार? आणि उशीर किती करायचा? राजवाड्यांचा पहिला खंड, ज्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत, तो निघाला तेव्हा पानिपत होऊन १३७ वर्षं झाली होती. त्याच हिशोबाने १९६१ च्या पानशेतच्या पुराची साधनं गोळा करायला आपण २०९८ साल उजाडू देणार आहोत का?

या विद्यापीठाला २०१४ मध्ये ज्यांचं नाव दिलं, त्यांचंच उदाहरण घ्या. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती तीन: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. शाळा चालवणारी, लिहिणारी, दुष्काळात गावोगाव फिरणारी बाई पन्नासएक वर्षांच्या संसारात नवऱ्याला तीनच पत्रं लिहीत असेल का? बाकीची गेली. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध आपल्याला माहीत आहे तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला म्हणून. मिशनऱ्यांच्या पत्राने छापला नसता तर मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने धर्मावर एवढा तिखट सवाल टाकला होता, हे आपल्याला कळलंही नसतं. फुल्यांनी मुलींची शाळा जिथे काढली त्या भिडे वाड्याच्या स्मारकासाठी आपण वर्षानुवर्षं कोर्टात भांडलो, आणि भांडायलाच हवं होतं. पण दगडविटांसाठी जेवढी आच दाखवली त्याचा दहावा हिस्सा तरी कागदांसाठी दाखवली का? त्या काळी कागद जपायला राजी असलेल्या बहुतेकांना हे कागद जपण्यासारखे वाटलेच नाहीत, ही गोष्ट उघड बोलायला आपण कचरतो.

बरं, ज्यांची आठवण सगळ्यांनी ठेवली त्यांचं तरी काय झालं? मुकुंदराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. जयकरांच्या कागदांवर काम करायचं असेल तर मात्र पुण्याच्या विद्यार्थ्याने दिल्लीचं तिकीट काढायचं, कारण ते राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांचेही तिथेच. ते तिथे नीट आहेत, वाचायला मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून हेही दिसतं की मोठ्या माणसांसाठी दिल्ली आहे. प्रभात रोडवरच्या शिक्षिकेच्या किंवा भवानी पेठेतल्या तालमीच्या वस्तादाच्या कागदांसाठी दिल्लीतून कुणी येणार नाही, आणि त्यांनी का यावं?

परदेशाच्या मुद्द्यावर तर दोन्ही बाजूंनी नुसती भावना आहे. आनंदीबाई जोशी पुण्यात जन्मल्या आणि १८८७ मध्ये पुण्यातच गेल्या. त्यांनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणारं पत्र लिहिलं, आपल्याला काय येतं आणि हे शिक्षण कशासाठी हवं आहे हे सांगणारं. ते पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. यात ‘पळवलं’ असं काही नाही. पत्र त्या कॉलेजलाच लिहिलेलं होतं. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते कॉलेज पुढे बदललं, त्याचं नाव बदललं, ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, शेवटी ड्रेक्सेलच्या छत्राखाली आलं. एवढ्या उलथापालथीत एका अठरा वर्षांच्या परदेशी मुलीचा प्रवेशअर्ज हरवला नाही, कारण जुने अर्ज ठेवायचे असतात हे तिथल्या कुणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं. आपल्याकडच्या शंभरी ओलांडलेल्या कॉलेजांनी आपापल्या पहिल्या मुलींचे अर्ज काढून दाखवावेत. निघाले तर मला आनंदच आहे.

आता ‘पण सामान्य माणसाच्या कागदात असतं काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी. नारायण पेठेतल्या एका घरातली हिशोबाची वही मी पाहिली आहे. लाल कापडी बांधणी, आत घरातल्या बाईचं बारीक अक्षर, रोजचा खर्च नव्या पैशांत. १९६१ चा जुलै काढला की १२ तारखेपासून पानं पाण्याने फुगलेली, शाई निळी पसरलेली, आणि बरेच दिवस एकही नोंद नाही. मग वेगळ्याच पेन्सिलीने, घाईत लिहिल्यासारखं: रॉकेल, काड्यापेट्या, फिनेल, विहिरीचं पाणी आणणाऱ्या गड्याला एक रुपया, दोन चादरी. त्याखाली, ‘येणे’च्या रकान्यात, भावाकडून आलेल्या पैशांची नोंद आणि पुढे कंसात ‘परत करणे’. महिनाभर दूध निम्मं झालेलं दिसतं. सप्टेंबरात शाळेची फी एका मुलाचीच आहे, त्याआधी दोघांची असे. दुसऱ्याचं काय झालं ते वही सांगत नाही. पुरावर सरकारी चौकशी झाली, धरण का फुटलं यावर लिहिलं गेलं. पण पुरानंतर एका घराने स्वतःला पुन्हा कसं उभं केलं, कुणाकडून उसने घेतले, कुणाचं शिक्षण मागे पडलं, हे अशा वहीशिवाय कुठे मिळणार? धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुण्याचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, त्याचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. सामान्य घराची मिळकत, भाडं, धंदा हा अभ्यासाचा विषय आहे हे या शहराला तेव्हाच पटलं होतं. सर्वेक्षण सरासरी सांगतं, वही घर सांगते. दोन्ही शेजारी ठेवली तर इतिहास लिहिता येईल.

‘मग स्कॅन करा आणि वही घरीच राहू द्या’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा आहे. त्यातलं खरं एवढंच की कागद जेवढे कमी हाताळले जातील तेवढे टिकतात, आणि दूरच्या वाचकाला पडद्यावर पाहता येणं ही फारच मोठी सोय आहे. पण स्कॅन कशाचं करायचं हे ठरवणार कोण? बहुतेक ठिकाणी ‘महत्त्वाचं’ म्हणून सही असलेली पत्रं स्कॅन होतात आणि बाकीचं गठ्ठ्यासकट जातं. कागदांचं काम करणारे लोक मूळ क्रमाला जपतात त्याचं कारण हेच. एखादं १९४२ चं पत्र एकटं वाचलं तर त्यात ‘मामांची तब्येत बरी आहे’ एवढंच असतं. त्याच पुडक्यात खाली भूमिगतांचं पत्रक आणि वर वकिलाची पावती निघाली की मामा कोण आणि तब्येत कसली, हे कळतं. पुडकं सोडून सुटी पत्रं स्कॅन केली की हा धागा कायमचा तुटला. शिवाय ‘स्कॅन ००१’ ते ‘स्कॅन ९४०’ अशा फायली ज्या हार्ड डिस्कवर आहेत ती डिस्क भाच्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि भाचा टोरांटोला. माळ्यावरच्या ट्रंकेला निदान वाळवी लागल्याचा वास तरी येतो. डिस्क न सांगता जाते. सूचीशिवायचं स्कॅनिंग म्हणजे अंधाऱ्या खोलीतून कागद उचलून दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत नेणं. आणि घर तरी घर कुठे राहिलंय? वाडा पुनर्विकासाला गेला की भाड्याच्या दोन खोल्यांत सहा ट्रंका मावत नाहीत. पहिली जाते ती कागदांचीच.

खासगीपणाचा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. आजीच्या पत्रांत सुनेबद्दल जे लिहिलं आहे ते सुनेच्या नातीने वाचनकक्षात बसून का वाचावं? पत्रांत दुसऱ्यांची गुपितं असतात, आजारपणं असतात, जातीवरून उच्चारलेले शब्द असतात, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना कुणी विचारलेलं नसतं. कायद्यानेही गोष्ट सरळ नाही: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही राहतो. पण यावर उपाय जगभर रुळलेले आहेत आणि ते सोपे आहेत. देणाऱ्याशी लेखी करार करायचा. अमुक पुडकं २५ वर्षं बंद, तमुक पत्रं संबंधित व्यक्ती हयात असेपर्यंत बंद. अप्रकाशित लेखन ग्रंथालयात ठेवून संशोधनासाठी वापरता यावं, यासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अभिलेख आणि संशोधनासाठी वाट ठेवली आहे. करार नीट नसला की काय होतं ते दिल्लीत दिसलंच: २००८ मध्ये कुटुंबाकडे गेलेल्या नेहरूंच्या कागदांच्या ५१ खोक्यांसाठी २०२४ मध्ये पत्रापत्री चालू होती. आणि एक उलट प्रश्न. रद्दीच्या दुकानात तीच पत्रं उघड्यावर पडतात, कुणीही पाच रुपयांना उचलतो, मोबाइलवर फोटो काढून टाकतो. तिथे आजीचं खासगीपण कोण जपतं?

शेवटचा आक्षेप विद्यापीठांवरच्या अविश्वासाचा आहे, आणि यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली, विद्यापीठं ढिली आहेत, पदं रिकामी आहेत, तिथे कागद गेले की धूळ खात पडणार. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पर्याय काय? व्यक्ती मरतात, ट्रस्ट भांडतात. राजवाड्यांसारखा माणूससुद्धा आपणच उभ्या केलेल्या मंडळाशी बिनसल्यावर धुळ्याला गेला आणि त्यांचा संग्रह तिथल्या संशोधन मंडळात राहिला. पारसनीस १९२६ मध्ये गेले. त्यांचं आयुष्यभराचं जमवलेलं फुटलं नाही, कारण ते शिक्षणसंस्थेच्या आवारात आलं. विद्यापीठ निष्काळजी असलं तरी त्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, अधिसभेत प्रश्न विचारता येतो, विद्यार्थी बोंब मारू शकतात. खासगी कपाटाला यातलं काहीच लागू नाही. ‘५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत जमाव घुसला, तोडफोड झाली, ते विसरलात का?’ असंही विचारलं जातं. विसरलेलो नाही. त्यातून पहारा, प्रती आणि पोलिसांचं उत्तरदायित्व यांचे धडे घ्यायचे. कागद माळ्यावर परत न्यायचे असा धडा त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. दलित, भटक्या, मुस्लिम, कामगार घरांना विचारा. तुमचे कागद मोठ्या संस्थेला द्या म्हटलं की ते आधी गप्प होतात. का होऊ नयेत? दप्तरखान्याशी त्यांचा इतिहास चांगला नाही. पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने गोळा केलं ते इनामं तपासायला, लोकांनी वाचावं म्हणून नव्हे. आणि पुढे कित्येक वर्षं ते दप्तर आपल्याच संशोधकांना मोकळेपणी पाहू दिलं जात नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांचे कागद त्यांच्या निधनानंतर न्यायालयाच्या ताब्यात, कुलपात पडून होते. त्यांच्या लेखनाच्या सरकारी ग्रंथमालेचा पहिला खंड निघायला १९७९ उजाडलं. कागद सुरक्षित होते आणि लोकांना मिळत नव्हते, ही अवस्था या समाजाने भोगलेली आहे. म्हणून विद्यापीठाने मागताना हात पसरायचा तो या अटींवर: मूळ कागदांची चांगली प्रत घरच्यांना मोफत, सूचीत घराने सांगितलेली माहिती घराच्या शब्दांत, निवडीच्या समितीत प्राध्यापकांइतकीच बाहेरची माणसं, ज्यांना चळवळीचे आणि वस्तीचे कागद ओळखता येतात, आणि वाचायला येणाऱ्याकडे पदवीचा दाखला मागायचा नाही. सगळंच ठेवायचं असंही नाही. लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि विम्याच्या पावत्या नाकारण्याचा अधिकार संस्थेला हवाच, फक्त नाकारताना कारण लिहून द्यावं.

याला नवी इमारत, फीत कापणं, कोनशिला यातलं काहीही लागत नाही. आवारात खोल्या आहेत. लागतील ती तीन-चार पदं: अभिलेखांचं शिक्षण घेतलेली दोन माणसं, कागद दुरुस्त करणारा एक, आणि पेठा, वस्त्या, कामगार कॉलन्या फिरून घरांशी बोलणारा एक. ती पदं कायम हवीत, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नकोत. घर कागद देतं ते संस्थेचं नाव बघून नाही, समोर चहा प्यायला बसलेला माणूस बघून. तो पुढच्या वर्षी दिसला नाही, फोन लागला नाही आणि आपली ट्रंक कुठल्या कपाटात आहे हे नव्या माणसाला सांगता आलं नाही, की त्या घराच्या शेजारची दहा घरं विद्यापीठाला दार उघडत नाहीत.